टाळी वाजली की थांबणारा रथ

लखनौमधल्या तेलीबागच्या मैदानात त्या रविवारी सकाळी हजारभर माणसं उन्हात बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका हातभर लांबीच्या रथावर होते. लाकडी रथ, चंदेरी कागदाने मढवलेला. वर चिमुकल्या पादुका, खाली जमिनीला टेकणारी मखमली झालर. घोडा नाही, दोरी नाही. मंचावर रथेश्वर महाराज बसलेले, ऐन चैत्रात अंगावर जाड शाल घेऊन.

एका सेवकाने रथाला कुंकू लावलं, झालरीखाली हात घालून चरणस्पर्श केला आणि रथ गायला. खरंच गायला. तीन चढते स्वर, मग तीन बारीक ठिपक्यांसारखे नाद.

"सुना आपने?" महाराज माईकमध्ये म्हणाले. "तीन बार. ब्रह्मा, विष्णु, महेश. अब प्रभु स्वयं ढूँढेंगे, कौन दुखी है."

रथ आधी जागच्या जागी थरथरला. "प्रभु को रोमांच हुआ है," महाराजांनी खुलासा केला. मग तो विटांवरून, खड्ड्यांतून, चपलांच्या ढिगाऱ्यावरून टणाटण उड्या मारत निघाला आणि पहिल्या रांगेत माझ्या मोठ्या बहिणीच्या, कल्पनाताईच्या पायांशी येऊन थांबला. पट्टी बांधलेल्या पायाशी.

खोटं कशाला सांगू, माझेही हात जोडले गेले. मी भाविक माणूस आहे. रेल्वेत इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून तीस वर्षं झाली असली तरी लखनौच्या मराठी मंडळात कीर्तन असलं की पेटीच्या साथीला मीच असतो. बुवांनी आख्यान रंगवलं की मला आजही रडू येतं. त्या दिवशीही आलं. त्या रडण्याचा राग मला अजून आहे.

"माई, चीर-फाड़ नहीं," महाराज ताईला म्हणाले. "ग्यारह दिन चरणामृत. दवा बंद."

ताईला वीस वर्षांपासून साखरेचा आजार. करंगळीला जखम झालेली, ती काळी पडत चाललेली. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता फक्त करंगळी जाईल. उशीर केलात तर किती जाईल ते मी सांगू शकत नाही.

सोमवारी ताईने हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन रद्द केलं.

मी इंदिरा नगरला तिच्या घरी जाऊन डोकेफोड केली. तिची मुलगी सावनी दारातच रडवेली उभी. "मामा, आप ही समझाओ ना. मेरी तो सुनती ही नहीं."

"ताई, रथ तुझ्याकडेच आला यात चमत्कार कसला? प्रवेशाला फॉर्म भरून घेतला होता. नाव, गोत्र, कष्ट. आणि तुला पहिल्या रांगेत त्यांनीच नेऊन बसवलं."

"बसवलं त्यांनी. चालवला कुणी?"

ताईने कॉलेजच्या मुलांना चौतीस वर्षं गणित शिकवलंय. तिच्यापुढे अर्धवट उत्तर चालत नाही, आणि तीच बाई पितळी लोट्यातलं तुळशीचं पाणी पिऊन इन्सुलिन बंद करून बसली होती.

घरी आलो आणि राग काढायला माझा ट्रक समोर घेतला. हा माझा दुसरा नाद. रिमोटवर चालणारा, खडकांतून उड्या मारणारा हातभर लांबीचा ट्रक. त्याच्या जुन्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून संपले होते, म्हणून मी त्याला ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशची मोटर बसवत होतो. आमच्या रेल्वे इंजिनांचंही तेच झालं. ब्रशच्या मोटारी गेल्या, तीन तारांच्या थ्री-फेज आल्या. ऐकायला सोपं आहे. पण दोन आठवडे मी झगडत होतो. नवी मोटर जुन्या जागेत बसेना. बसली तर दातेरी चाकं एकमेकांत इतकी घट्ट की कण्हायची. सैल केली तर दाते खायची. एक दातेरी चाक तर बोटात आलं, भुगा होऊन.

"अहो, ते खेळणं एकदाचं गोमतीत सोडा," बायको मीनाक्षी म्हणाली. "घरात सगळीकडे स्क्रू. काल पोह्यात निघाला."

"पोह्यात नव्हता, बशीखाली होता."

"मग माझ्या दाताखाली काय आलं?"

गुरुवारी सकाळी तिन्ही तारा जोडल्या, बॅटरी लावली, मोटर फिरवणाऱ्या कंट्रोलरचं बटण दाबलं. आणि ट्रक गायला.

तीन चढते स्वर. मग तीन बारीक नाद.

माझे हात थांबले. उठून पेटीवर बोटं ठेवली. सा, ग, प. रविवारी ऐकलेला तोच क्रम. तीस वर्षं साथ करणाऱ्याचा कान एवढं विसरत नाही. मोटर फिरण्याआधी कंट्रोलर तिच्या गुंडाळ्यांना सूक्ष्म कंप देतो, म्हणून ती वाजते. आणि बॅटरीत जितके सेल, तितके नाद देतो. माझ्या बॅटरीत तीन सेल होते. कपाटातून जुनी दोन सेलची काढून लावली. सा, ग, प आणि दोनच नाद. ब्रह्मा आले, विष्णू आले, महेश रजेवर.

रिमोट हलकेच दाबला. ट्रक जागच्या जागी थरथरला, मग निघाला. या जातीच्या मोटारी सावकाश सुरू केल्या की अशाच अडखळतात. हाच तो प्रभूंचा रोमांच. आणि सेवकाचा झालरीखालचा चरणस्पर्श म्हणजे कंट्रोलरचं बटण.

ट्रकवर बायकोची शाल टाकून मी तसाच ताईकडे गेलो. तिच्या दिवाणखान्यात तो गायला लावला, थरथरवून दाखवला, तिच्या पायांशी आणून थांबवला. सावनीने टाळ्या वाजवल्या. "मम्मी, देख लिया?"

ताई शांतपणे म्हणाली, "तू तुझं खेळणं चालवलंस. म्हणजे ते तसंच चालवतात हे कुठे सिद्ध झालं? मांजर उंदीर खातं, म्हणून जो जो उंदीर मेला तो मांजरानेच खाल्ला?"

एवढी चीड मला आयुष्यात आली नसेल, कारण बाई बरोबर बोलत होती.

"मग काय केलं तर सिद्ध होईल?"

तिने पायाच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "ते चालवत असतील तर हातांनी चालवत असतील. हात रिकामे असताना रथ चालला पाहिजे. बस."

झालं. मार्ग तिनेच दिला. पण हजार लोकांसमोर महाराजांना शालीतून हात काढायला कोण सांगणार? सेवकांनी उचलून रस्त्यावर टाकलं असतं. माझ्या रिमोटने त्यांचा रथ हलणार नव्हता. प्रत्येक रिमोट आपल्याच गाडीशी बांधलेला असतो. दोन दिवस याच विचारात गेले, आणि तिकडे ताईच्या करंगळीशेजारच्या बोटालाही काळसर रंग चढला.

शनिवारी मंडळात पेटी पुसताना सुचलं. कीर्तनात गजर सुरू झाला की टाळी कुणालाही चुकत नाही. म्हातारे, पोरं, खुद्द बुवा, सगळ्यांचे हात डोक्याच्या वर.

रविवारी पेटी घेऊन मैदानात गेलो. ताई सावनीबरोबर आधीच पहिल्या रांगेत बसली होती. पेटीवाल्या भक्ताला कोण अडवणार? सेवकांनी उलट मंचाजवळ सतरंजी घातली. रथ गायला, थरथरला, निघाला. तो अर्ध्या वाटेत असताना मी सीतारामाचा गजर लावला आणि ओरडलो, "दोनों हाथ ऊपर! जिसके हाथ न उठें, उसका पुण्य आधा. महाराज, आप भी!"

हजार हात वर गेले. लखनौची माणसं भजनाला कधीच कमी पडत नाहीत. मंचावरचे दोन हात तेवढे शालीत. मग एक आजीबाई म्हणाली, "महाराज जी, उठाइए ना." महाराजांनी हात वर केले.

रथ थांबला.

"प्रभु भजन सुन रहे हैं," महाराज झटकन म्हणाले. लोक खूश. मी मनात त्यांच्या हजरजबाबीपणाला नमस्कार केला. गजर संपला, हात शालीत गेले, प्रभूंना पुन्हा रोमांच झाला, रथ निघाला.

मी पुन्हा गजर लावला. हात वर, रथ उभा. आता मागच्या रांगा कुजबुजू लागल्या. मला वाटलं, पुरे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला, वर्गातला.

"विनू, आणखी एकदा. दोनदा योगायोग असू शकतो."

तिसऱ्यांदाही तेच झालं. रथ ताईपासून चार हातांवर उभा होता. ती काठी टेकत उठली. सेवक धावला, "माता जी, छूना मना है." "मी माझ्या देवाला हात लावतेय, तू बाजूला हो," ती त्याला मराठीतच म्हणाली, आणि वाकून तिने झालर वर केली.

खाचांचे चार गुबगुबीत टायर. मध्ये मोटर, तिला तीन तारा. एक निळी बॅटरी. महाराज घाईने उठले आणि शालीतून पिस्तुलासारखा रिमोट मंचावर पडला.

ताईने बोटाने तारा मोजल्या. मग सावनीला म्हणाली, "गाडी काढ. हॉस्पिटल."

मला वाटलं होतं, लोक चिडतील. काही चिडलेही. पण निघताना पाहिलं, निम्मे लोक चरणामृताच्या बाटल्या छातीशी धरूनच चालले होते. एक जण मला समजावत होता, "भाई साहब, कलियुग में यंत्र भी प्रभु का ही साधन है." पुढच्या आठवड्यात ऐकलं, अलीगंजला नवा मंडप पडलाय. आता रथ नाही, बोलणारा कलश आहे.

सोमवारी ऑपरेशन झालं. एक बोट जायचं होतं, तीन गेली. जास्तीची दोन बोटं त्या सहा दिवसांच्या उशिराची.

शुद्धीवर आल्यावर ताई म्हणाली, "चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, पायरी सोडू नका. आणि मी पहिलीच पायरी सोडली. हात कुठे आहेत ते विचारलंच नाही."

मी आजही कीर्तनाला बसतो, आजही रडतो. बुवा उभे असतात, त्यांचे दोन्ही हात सगळ्यांना दिसतात, आणि आजवर त्यांनी कुणाला औषध बंद करायला सांगितलेलं नाही. तुमच्या गल्लीत कुणी आलं, काही हलवून, गायला लावून, बोलतं करून दाखवलं, तर नमस्कार करायचा तर करा. पण इन्सुलिन चालू ठेवा, डॉक्टरांची तारीख मोडू नका, आणि त्याला टाळी वाजवायला सांगा. एकदा नाही, तीनदा.