तीनदा विचारतात

नेबाहतची उजवी टाच सकाळपासून ठणकत होती आणि मागे होते मनिसाहून आलेले चौदा निवृत्त शिक्षक. शिक्षकांना शहर दाखवण्यासारखं जिकिरीचं काम नाही. ते ऐकत नाहीत, तपासतात. हिरव्या मशिदीत तिने फरशांच्या रंगाबद्दल सांगितलं, तर हुलूसी गुरुजींनी साल विचारलं आणि उत्तर वहीत टिपून घेतलं. एकतीस वर्षं बुर्सा शहराच्या चढांवर तिचं हेच चाललं होतं. त्याच मशिदी, त्याच कबरी, आणि दर अर्ध्या तासाला "ताई, खायला कधी?"

पहाटे वहिनीचा, गुल्सेरेनचा, फोन आला होता.

"तुझा भाऊ गेला. जनाजा दुपारच्या नमाजनंतर, एमिर सुलतानच्या मशिदीत. या वेळी कळवलं नाही म्हणू नकोस."

'या वेळी' म्हणण्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा नेबाहत दूर कोन्या शहरात पाहुणे फिरवत होती. रेम्झीने, तिच्या भावाने, तिला कळवलं नाही. मयताला ताटकळत ठेवू नये म्हणत त्याने संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. ती पोचली तेव्हा तिच्या वाट्याला फक्त ओली माती आली. आईला शेवटचं 'माफ कर' म्हणायचंही राहून गेलं. त्या दिवसापासून ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

पण पोटापुढे अबोला किती टिकणार? सहल काढणाऱ्यांच्या छापील कागदावर एमिर सुलतानच्या खाली लिहिलेलंच असायचं: रेम्झीची भट्टी, ताहिनची, म्हणजे वाटलेल्या तिळांची, गोड रोटी. आठवड्यातून तीनदा ती पाहुण्यांना भावाच्या दारात सोडायची आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर पाठ करून उभी राहायची. तो बाहेर येत नसे. शेवटच्या गिऱ्हाइकाबरोबर एक पुडी मात्र न चुकता यायची. "समोरच्या बाईंना द्या म्हणाले." पुडी ती न उघडता ड्रायव्हरला द्यायची. ड्रायव्हर म्हणायचा, "आत नुसता मधला भाग असतो हो, सगळ्यांत मऊ. कडा कुठे जातात कोण जाणे!" नेबाहतला ठाऊक होतं. लहानपणी कडा तोच खायचा.

आज एमिर सुलतान गाळून सरळ मोठ्या मशिदीकडे उतरायचं, असं तिने ठरवलं होतं. हुलूसी गुरुजींनी कागद तिच्या नाकासमोर धरला.

"ताई, इथे लिहिलंय. पुढे रोटीही लिहिलीय."

"भट्टी बंद आहे आज."

"का?"

"मालक वारला." तिचा आवाज रोजच्यासारखाच निघाला. "चला, मशीद दाखवते." वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर हिरवं कापड घातलेली शवपेटी होती. अशा वेळी अंगणात जो असेल तो रांगेत उभा राहतो, ओळख असो वा नसो. शिक्षक मंडळीही शिस्तीत उभी राहिली. नेबाहत मागे बायकांत उभी राहिली, गुल्सेरेनपासून चार हात लांब.

इमामांनी विचारलं, "हा माणूस तुम्हाला कसा वाटला?"

"चांगला होता!" सगळ्यांत मोठा आवाज हुलूसी गुरुजींचा.

"याच्याकडून तुमचं काही देणं राहिलं असेल, काही बिघडलं असेल, ते माफ करता?"

"माफ केलं!"

तीनदा विचारलं. तीनदा अंगण दुमदुमलं. आपल्या माणसाची माफी मिळाली नाही तर मेलेल्याला तिकडे ते ओझं वागवावं लागतं, हे नेबाहतला लहानपणापासून सांगितलेलं होतं. तिन्ही वेळा तिने ओठ मिटून घेतले. गुल्सेरेन तिच्याचकडे बघत होती.

नमाज संपली तसे हुलूसी गुरुजी घाईघाईने तिच्याकडे आले. घामाघूम झाले होते.

"ताई, तो भट्टीवाला हाच का? चांगला होता ना? जन्मात कधी न वाचता सही केली नाही मी, आणि आज देवासमोर साक्ष देऊन बसलो!"

"आधी विचारायचं होतं, गुरुजी."

"सगळे ओरडले, मीही ओरडलो. खोटी निघाली म्हणजे?"

एरवी ती हसली असती. समोर पेटी खांद्यांवर उचलली जात होती.

"खोटी नाही," ती म्हणाली. "बर्फ पडला की मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. स्वतः भट्टीत राबला, मला शिकवलं. भुकेला माणूस कधी हाकलला नाही. एकदाच फक्त असा वागला की..."

गुरुजींनी टोपी काढली. "तुमचे कोण?"

"भाऊ."

"मग आम्ही दिलेल्या माफीला काय अर्थ? त्याने आमचं काही बिघडवलंच नव्हतं. ज्याचं बिघडवलं..."

"गुरुजी, तुम्ही तुमची वही सांभाळा!" ती तडकली. मग तिने हातातली लाल झेंडी त्यांच्याकडे दिली. "हा उतार सरळ उतरा. मोठ्या मशिदीत घुमटाखाली कारंजं आहे, तिथे बसा. मी येते."

ती कबरस्तानात गेली. पुरुष परत फिरेपर्यंत सुरूच्या झाडाखाली उभी राहिली. जाताना गुल्सेरेनने विचारलं, "थांबू का?"

"जा तू."

सगळे गेल्यावर ती कबरीपाशी मातीतच बसली आणि उजव्या पायातला बूट काढला. आता समोरच्या फुटपाथवर पुडी येणार नव्हती, आणि इतक्या पुड्यांतली एकही आपण चाखली नाही याचं तिला भयंकर वाईट वाटलं.

"माफ केलं," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाली, "माफ केलं."

तिसऱ्या वेळी तोंड उघडलं, पण आईच्या कबरीवरची ती ओली माती डोळ्यांपुढे आली. तिने बूट पायात चढवला.

"तिसरं उद्या येऊन सांगते, दादा. आज पाय फार दुखतोय."