पद्मनाभ पाद्रीचं कडं

"अण्णा, एकदाच चेंडू टाका की."

"गोदाक्का, तो खेळ आहे. कौल नाही."

"मग खेळा. मी बघत बसते."

पद्मनाभनं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. हुबळीच्या केशवापुरातल्या त्याच्या प्रार्थनाघराच्या अंगणात, बास्केटबॉलच्या खांबाला टेकून गोदावरी बसली होती. मांडीवर नारळ. खांबाला हळदकुंकू. कौल बघायला आलेल्या बायकांनी अंगण भरलं होतं आणि आत, रिकाम्या बाकांसमोर, थोरले पाद्री मुकुंदराव एकटे बसले होते. इथं प्रार्थनेला कुणी येतं का, हे बघायला मिशननं त्यांना धारवाडहून पाठवलं होतं. कुणीच आलं नाही तर प्रार्थनाघराला कुलूप आणि पद्मनाभची रवानगी गदगच्या बोर्डिंगात, पोरांच्या सांबाराची चव बघायला.

पद्मनाभ मूळचा सप्तापूरचा. शाळेत असतानाच डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं, तेव्हा घरच्यांनी वैद्य बोलावला आणि शाळेनं हातात चेंडू दिला. चेंडूनं त्याला मद्रासला नेलं. तिथल्या मिशनवाल्यांनी शिकवलं, की तरुण चेंडूसाठी येतात आणि प्रार्थनेला थांबतात. त्याला हे इतकं पटलं की सामने सोडून तो सेवेतच शिरला. हुबळीत येऊन आधी खांब रोवला, मग बाक केले. तरुण चेंडूसाठी आले आणि चेंडू घेऊन गेले.

दुसरा चेंडू आणून तो रोज सकाळी एकटाच नेम धरू लागला. नेम कधी चुकायचा नाही, हेच नडलं. शेजारच्या हेमावतीनं भिंतीवरून बघता बघता मनात धरलं, चेंडू कड्यातून आत गेला तर थोरलीचं लग्न जमणार. गेला. जमलं. गावाकडं देवाला फुलं लावून कौल घेणाऱ्या माणसांना आणखी काय सांगायला लागतं? आठवड्यात रांग लागली. पद्मनाभनं समजावलं, ओरडला, रोज खांब धुतला. शेवटी वैतागून एकदा नेम मुद्दाम चुकवला, तर म्हशीसाठी कौल मागायला आलेला रेल्वे वर्कशॉपातला धोंडिबा फिटर कितीतरी दिवस दारात येऊन विचारत होता, "माझ्या म्हशीवर तुमचा काय राग ओ?" तेव्हापासून चेंडू पेटीत होता.

गोदावरी अळणावरकडची. तिचा गोपाळ फौजेत गेलेला, ब्रह्मदेशच्या बाजूला. वर्ष झालं, काही खबर नव्हती.

पद्मनाभची बायको श्यामला स्वयंपाकघरातून आली. "अहो, टाका आणि मोकळे व्हा. बाईनं पाण्याला तोंड लावलं नाही."

"आत गेला तर? पोरगा जिवंत आहे म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग चुकवा," श्यामला म्हणाली, आणि जीभ चावली.

मुकुंदराव दारात आले. "पद्मनाभ, हे कुंकू कसलं?"

"सकाळी धुतलं होतं."

"मग?"

"परत लावलं."

"कुणी?"

सगळ्या बायका वर कड्याकडे बघायला लागल्या.

पद्मनाभ तडक आत गेला, चेंडू आणला आणि गोदावरीच्या हातात कोंबला. "मी टाकणार नाही. पोरगा तुमचा, तुम्हीच टाका."

तिनं टाकला. चेंडू जेमतेम तिच्या डोक्यावर गेला आणि घरंगळत मुकुंदरावांच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला, काय करावं ते न सुचून परत आणून दिला.

"हा धरायचा नाही," ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतरचाही धरला नाही. त्यानंतरचाही नाही. माणसं मोजायला आलेले मुकुंदराव धोतराचा सोगा सावरत चेंडूमागं धावत होते. "अजून थोडा वर," त्यांच्या तोंडून निघून गेलं, मग ते उगाच खोकले.

चेंडू दर खेपेला आणखी खाली जायला लागला तरी गोदावरी थांबेना. पद्मनाभच्यानं बघवेना.

"धोंडिबा, पाना दे."

बायकांच्या मागं उभ्या धोंडिबाच्या खिशात पाना होताच. पद्मनाभ आतला एक बाक बाहेर आणून त्यावर चढला, कडं सोडवलं आणि खाली येऊन तिच्या छातीसमोर दोन्ही हातांनी आडवं धरलं.

"टाका."

गोदावरीनं कड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "असं धरल्यावर पडणारच की, अण्णा."

"होय."

"मग तो कौल कसला?"

"तेच सांगत आलोय मी तुम्हा सगळ्यांना."

तिनं चेंडूवरची माती पदरानं पुसली. "तुम्ही आत बसून करता काय?"

"मागतो. ज्यांचं काही कळत नाही त्यांच्यासाठी."

"मग कळतं?"

पद्मनाभनं मुकुंदरावांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"नाही," पद्मनाभ म्हणाला.

गोदावरीनं मान हलवली. नारळ खांबापाशीच ठेवून, चेंडू कवटाळून ती आत गेली आणि पहिल्या बाकाच्या अगदी कडेला बसली. बाकीच्या बायका उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मुकुंदरावांनी तिच्या मांडीवरचा चेंडू बघितला, पण मागितला नाही. त्यांनी पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं.

"नाव काय मुलाचं?"

"गोपाळ," ती म्हणाली.

पद्मनाभ कडं हातात घेऊन दारातच उभा होता. त्यानं मान खाली घातली.