उकळणारं रक्त

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे भगव्या कफनीतल्या बाबांभोवती जमले होते. शेजारचा बेकरीवाला नुकताच रक्तदान करून आला होता. त्याच्या हातावरचा रक्ताळलेला कापूस बाबांनी मागून घेतला, बाटलीतलं तीर्थ त्यावर ओतलं, आणि कापूस फसफसून उठला.

"पाहिलंत? परक्याचं रक्त असं उकळतं. लेकराच्या अंगात गेलं तर काय करील?"

आपल्या विभूतीने अंगातलंच रक्त दुप्पट होतं, हेही त्यांनी ओघात सांगून टाकलं. बाबांचा ओघ दांडगा होता.

आत पडलेल्या पोरीची आई हे सगळं ऐकत होती. दुकानाची काच कोसळून तिच्या मुलीची मांडी चिरली होती. टाके पडले, पण गेलेलं रक्त टाक्यांनी परत येत नाही. आत पोर पांढरीफटक पडली होती. नर्स रक्ताची पिशवी घेऊन आली, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. बाबांना घेऊन आलेल्या नणंदेने तिचा दंड धरून ठेवला होता. रक्त दिलं तर पोर जाईल, नाही दिलं तरी जाईल. इकडे आड, तिकडे विहीर.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्याही घाबरल्या होत्या.

"ताई, वेळ नाहीये. हातात काय आहे तुमच्या?"

"तिचा फ्रॉक. रक्ताने भरलाय."

"बाबा, ह्यावर ओता."

लेकराचं रक्त निर्मळ, त्याची परीक्षा घेणं पाप, असं म्हणत बाबा बाटली झोळीत सारू लागले. निर्मळ आहे तर भ्यायचं कशाला, असं आईच्या मनात आलं. तिने बाटली हिसकावली आणि फ्रॉकवर ओतली.

फ्रॉक तसाच फसफसला. आपल्या पोरीचंच रक्त शापित निघालं, असं आईला वाटलं.

"तुमच्या रक्तावर ओता, माझ्या रक्तावर ओता, हेच होणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम धुवायचं औषध आहे हे. नर्सकडेही आहे. पिशवीतलं रक्त आम्ही तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलंय. खरी परीक्षा ती."

बाबांना एकाएकी दुसरीकडचं काम आठवलं. आई दारातून बाजूला झाली.

पिशवी संपत आली तसा पोरीच्या ओठांवर रंग चढला. तिने डोळे उघडून आधी फ्रॉक कुठाय ते विचारलं. आई रडली, मग नणंदेकडे वळली.

"वन्सं, पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर आधी स्वतःच्या रक्तावर करून दाखव म्हणायचं. आणि तोवर डॉक्टरांची वाट अडवायची नाही. आज ती मी अडवली होती."