ओतीलियाने धुतलेलं पिल्लू

मित्रांनो, मला पाहून कुणी डुक्कर म्हटलं तर हल्ली मी मान वळवायचेही कष्ट घेत नाही. म्हणा. आम्ही हावेलीना, या वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांचे रहिवासी. अंगावर राठ करडे केस, गळ्याभोवती पांढुरका पट्टा, पाय मात्र नाजूक, आणि नजर जन्मापासून यथातथाच. मी बारा उन्हाळे पाहिले आहेत. खरं सांगायचं तर पुरे झाले.

जन्मले तेव्हा मी तांबूस होते, आणि त्याच दिवशी आईच्या मागे चालू लागले. आमच्यात कडेवर घ्यायची सोय नाही. फड्या निवडुंग काट्यांसकट खायला शिकले. थंडीत सगळ्यांना चिकटून झोपले. उन्हाळ्यात सूर्य तापायच्या आत सावली गाठत राहिले. पोरं झाली. काही कोल्ह्यांनी नेली, एक दुष्काळाने.

आमचं सगळं वासावर चालतं. पाठीवर, शेपटीच्या थोडं वर, एक ग्रंथी असते. आम्ही तिच्यावर एकमेकांची तोंडं घासतो, म्हणजे साऱ्या कळपाला एकच वास येतो. तुम्हाला तो उग्र वाटतो. आम्हाला तो आडनावासारखा. ज्याला तो नाही, तो आमचा नाही. त्याला दात दाखवायचे.

ओढ्याच्या काठी ओतीलिया आणि चेमा हे म्हातारं जोडपं राहतं. निवडुंग खाल्ला म्हणून चेमा आम्हाला रोज शिव्या घालायचा, आणि कुंपणाजवळचा गळका नळ काही दुरुस्त करायचा नाही. त्या नळावरच आमचे उन्हाळे निघाले.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. अशा जेवणासाठी ही माणसं अंगणात खड्डा खणतात आणि निखाऱ्यांत गाईचं डोकं पुरून रात्रभर भाजतात. पाहुणे जेवून गेले, खड्डा उघडाच राहिला. सोमवारी पहाटे आम्ही पाण्यावर आलो. दार वाजलं, आम्ही पळालो, आणि माझ्या लेकीच्या पाच दिवसांच्या जुळ्यांपैकी एक पिल्लू त्या गार राखेत पडलं.

मी कुंपणापलीकडच्या झुडपात थांबले. मला धड दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"बाहेर ठेव त्याला आणि आत ये, म्हातारे," चेमा म्हणाला. "आई त्याची तिथेच असेल कुठेतरी."

"अशा काळ्या तोंडाने? आपल्या अंगणातून पोर असं परत गेलं तर काय म्हणेल ती मला?"

"ती हावेलीना आहे. तुझी विहीण नाही."

टबात पाणी पडलं. साबणाचा वास आला. मग पिल्लू कुंपणाबाहेर आलं, आणि माझ्या नाकाला वाटलं, कुणी परकं जनावर येतंय.

माझी लेक धावत आली आणि जागच्या जागी थबकली. तिचे केस उभे राहिले, दात कडकडले. पिल्लू तिच्याकडे गेलं. तिने त्याला उडवून लावलं.

"अगं बाई, तुझंच आहे ते," ओतीलिया म्हणाली. "नीट बघ की."

"तिला दिसतंय कुठे? वासावर ओळखतात ती. काय चोळलंस त्याला?"

"थोडं संत्र्याच्या फुलांचं पाणी. न्हाऊ घातल्यावर बाळाला लावतातच की."

"छान. आता पाद्रीबाबालाच दत्तक दे."

"मग पुन्हा राख फासू?"

"आता काही फासू नकोस."

"मेलं म्हणजे?"

ऊन वर येत होतं. कळप सावलीकडे निघाला, लेक दुसरं पिल्लू घेऊन त्यांच्यामागे गेली. दुधावाचून हे दुपारपर्यंत टिकणार नव्हतं. मलाही जायचं होतं. माझे पाय दुखत होते, आणि पोरं मागे सोडून जायची मला सवय आहे. पण ते माझ्या पोटाखाली येऊन उभं राहिलं. सवयीने मीही दात वाजवले. ते हललं नाही.

मग मी त्याच्या अंगावर पाठ घासू लागले. म्हाताऱ्या ग्रंथीतून येणार किती? मान, कुशी, पुन्हा मान. फुलांचा वास जाता जाईना. माती तापली तरी मी घासत होते. ओतीलिया एकदा पुढे सरकली, तेव्हा चेमाने तिचा दंड धरला.

मग आम्ही दोघं कळपाच्या मागावर चालत गेलो, हळूहळू, माझ्या सावलीत ते. झाडाखाली सगळे पडले होते. लेक उठली. तिने त्याची पाठ हुंगली, शिंकली, पुन्हा हुंगली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने मागचे पाय फाकवले आणि स्थिर उभी राहिली. आमची पोरं मागूनच पितात. ते प्यायलं.

मित्रांनो, आमचं पोर तुमच्या खड्ड्यात पडलं तर बाहेर काढा, कुंपणापलीकडे ठेवा आणि घरात जा. मळलेलं असलं तरी असू द्या. खड्ड्यावर आधीच एखादा पत्रा टाकलात तर तेवढंही करावं लागणार नाही. चेमाने त्याच दुपारी टाकला.

माझ्याकडे जो काही वास होता तो मी त्या सकाळी पुसून दिला. पुढच्या पोराला देण्यासारखं काही उरलेलं नाही. हल्ली झोपायला गेले की कळपातल्या तरण्या मला दोनदा हुंगतात, मग सरकून जागा करतात. अजून तरी करतात.