बारा प्रश्नांची वही

शनिवारी सकाळपासून अंजलीचा पाय एका जागी ठरत नव्हता. हिंगोलीच्या बसस्टँडवर तिनं वडिलांना, मसाजींना, तीनदा बाकावरून उठवलं आणि तीनदा पुन्हा बसवलं.

"आबा, सातवा प्रश्न. अंगदकाकानं मेंढी तुमच्या परवानगीनं नेली का?"

"न्हाई."

"नुसतं न्हाई नका म्हणू. 'न्हाई, माझ्या परवानगीशिवाय नेली,' असं म्हणा."

"माझ्या परवानगीबिगर..." मसाजी म्हणाले आणि पुढचं विसरून समोरच्या रसवंतीच्या चरकाकडे बघत राहिले.

अंजलीनं वही मिटली, पुन्हा उघडली. वहीत बारा प्रश्न होते आणि बारा उत्तरं. सोमवारी तालुक्याच्या कोर्टात मसाजींची साक्ष होती. शिरड शहापूरच्याच अंगदनं दहा महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंढवाड्यावरून मेंढी चोरून नेली, अशी फिर्याद होती, आणि ती अंजलीनंच स्वतःच्या हातानं लिहिली होती. मसाजी साक्षीत अडखळले की केस पडणार. मग गावाला काय, निमित्तच हवं असतं. वकील व्हायला निघाली अन् बापाची एक मेंढी आणता येईना!

म्हणून तिनं आठवडाभर वडिलांकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. ती स्वतः तशीच शिकली होती. गाईड हातात घ्यायचं, डोळे मिटायचे, कलम आणि पोटकलम म्हणत सुटायचं. लेखी परीक्षेत तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही.

शनिवारी लॉ कॉलेजात मात्र तिचं काही चालत नसे. त्या दिवशी विश्वंभर सर पुराव्याचा कायदा शिकवत. तीस वर्षं वकिली करून ते शिकवायला आले होते. पुस्तक ते क्वचितच उघडत. कुणीतरी खराखुरा माणूस बोलावून समोर खुर्चीवर बसवायचे आणि पोरांना सांगायचे, याला काय ठाऊक आहे ते काढून घ्या. अट एकच. आपल्या साक्षीदाराला विचारताना उत्तर प्रश्नात घालायचं नाही. घातलं की सर टेबलावर डस्टर आपटायचे. "हा सूचक प्रश्न. साक्ष तुझी झाली, त्याची नाही."

त्या वर्गात सगळ्यात जास्त डस्टर अंजलीच्या नावावर होते.

साक्षीची तालीम करून घ्या म्हणून ती सरांकडे गेली, तेव्हा ते म्हणाले होते, "साक्षीची तालीम करायची नसते, बाळ. पण आबांना घेऊन ये. तुला विचारता येतं का, तेवढं बघू. वही मात्र दाराबाहेर."

मसाजी वर्गात आले, पटका सावरून खुर्चीवर बसले. पहिल्या बाकावरच्या आयुषला राहवलं नाही.

"मामा, अंजली घरीपण एवढंच बोलते का?"

"घरी जास्ती बोलती," मसाजी म्हणाले. "हितं तुमी तरी हाव, मधी बोलायला."

वर्ग हसला. अंजली हसली नाही. तिनं घसा साफ केला.

"मेंढीच्या कानावर तुमचीच खूण होती ना?"

डस्टर.

"म्हणजे... मेंढी तुमच्या कळपातून अंगदनं नेली, हे खरं ना?"

डस्टर.

"नेताना त्यानं तुम्हाला विचारलं नव्हतं, बरोबर?"

डस्टर. खडूची धूळ उडाली. मसाजींनी मान वर केली.

"पोरी, समदं तूच सांगून राहिली, मंग मला काहून आणलं?"

आता हशा जोरात झाला. अंजलीचे कान तापले. सरांनी हात वर करून पोरांना गप्प केलं आणि खुर्ची मसाजींच्या जवळ ओढली.

"मसाजीराव, तुमच्यात दोन कळप मिसळले आणि एखादी मेंढी दुसरीकडे गेली, तर ती कशी परत घेतात?"

"म्होरल्याला आधी मेंढी दावत न्हाईत. नुसतं इचारतात, तुझं काय हरवलं? अन् गप बसतात. मंग त्यानं सांगायचं, कान कसा, रंग कसा, खोड काय. जुळलं की मेंढी सोडतात."

"आणि विचारणाऱ्यानंच खूण सांगून टाकली तर?"

"मंग कुणाची बी मेंढी कुणाची बी हुईल की!"

सरांनी अंजलीकडे पाहिलं आणि डस्टर खणात ठेवून दिला.

अंजली उभी राहिली. लहानपणापासून हा न्याय तिनं माळावर कितीदा पाहिला होता, आणि वर्गात तो तिला एकदाही आठवला नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "काय झालं होतं?"

मसाजी गप्प. जिभेवर चार वाक्यं तयार होती, ती तिनं दातांखाली धरली. पंखा कुरकुरत होता. बँकेत, तहसीलला, दवाखान्यात आबांच्या वतीनं नेहमी तीच बोलत आली होती. आबा तोंड उघडायचे आणि वाक्य ती संपवायची. त्यांना बोलता येत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. ते बोलण्याआधी एवढा वेळ घेतात, हे तिला आज कळत होतं.

"अंगदची मेंढी व्याली अन् मेली," मसाजी म्हणाले. "कोकरू दोन दिसाचं. वाडा तवा लांब माळावर होता, तुला ठाव न्हाई. म्या आमच्या मेंढीला लावलं, जगवलं. हरवू न्हाई म्हणून कान बी आमच्या खुणेनं मीच कातरला. आमच्यात रीत हाय. ज्यानं दूध पाजलं त्यानं दोन कातरणीची लोकर घ्यायची, मंग जनावर ज्याचं त्याला द्यायचं. दुसरी कातरण झाली. मी गेल्तो कळमनुरीच्या बाजाराला. अंगद आला, मेंढी सोडली, गेला घिऊन. माझी वाट बघितली न्हाई. घोटभर च्या घेतला न्हाई. मला लई लागलं ते. येवढंच."



"मग मेंढी कुणाची?" अंजलीचा आवाज बारीक झाला.

"त्याचीच."

ती संध्याकाळ तिच्यापुढे उभी राहिली. आबा धुसफुसत घरी आलेले, ती कागद घेऊन बसलेली. कानावर आपलीच खूण हाय ना? हाय. तुम्ही विकली तर न्हाई? न्हाई. न विचारता नेली ना? नेली. तिन्ही उत्तरं खरी होती, आणि खाली तिनं लिहिलं होतं, चोरी.

"आबा, तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"सांगूनच राहिलो होतो. तू म्हणली, बसा आबा, मला कळलं. चौकीतल्या जमादारानं कागद वाचला, बराबर का म्हणला. म्या म्हणलं, पोरीनं लिवलंय, बराबरच असंल. चोरी लिवली ते मागून समजलं. मंग कोणत्या तोंडानं सांगू, की माझ्या लेकीचं चुकलं?"

अंजली बाकावर जाऊन बसली.

"सोमवारी सकाळी आधी सरकारी वकिलांना भेटा," सर मसाजींना म्हणाले. "आत्ता सांगितलंत तेच सांगा, यातला शब्द बदलू नका. पुढचा मार्ग ते दाखवतील. आणि अंजली, तू बाहेर बाकावर बसायचं."

"होय सर."

परतीच्या बसमध्ये वही पिशवीतच राहिली. शिरड शहापूरच्या फाट्यावर उतरून मसाजी घराकडे वळले. अंजली उलट्या बाजूला.

"तिकडं कुठं?"

"अंगदकाकाकडं."

वाटभर ती माफीची वाक्यं जुळवत होती. अंगद अंगणात बसून बाभळीचे डहाळे तोडत होता. त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. बस म्हणाला नाही. जुळवलेली वाक्यं तिला एकदम गाईडातल्यासारखी वाटली.

"काका, चूक माझी झाली," ती म्हणाली. "तुमच्याकडनं काय झालं होतं, ते मी कधी इचारलंच न्हाई."

"अन् आता इचारून राहिली? दहा महिन्यानं? दोनदा चौकीत बसवलं मला, चार लोकांत!"

तिला खूप काही सांगायचं होतं. तिनं सांगितलं नाही. हलणारा पाय तिनं दुसऱ्या पायानं दाबून धरला. मागून मसाजी आले आणि कुंपणापाशी उभे राहिले. अंगदनं एक डहाळा तोडला, दुसरा तोडला. तिसऱ्याला कोयता थांबला.

"बस मंग," तो म्हणाला. "लांबलचक हाय."