टायमिंगच्या दिव्यावरचा आळ

मित्रांनो, मी इंजिनाचं टायमिंग बघायचा एक जुना दिवा आहे. दिसायला पिस्तुलासारखा, पण आजवर कुणाला साधा ओरखडाही काढलेला नाही. माझे दोन चिमटे बॅटरीला लावतात, तिसरा पहिल्या प्लगच्या वायरीला. प्लगमध्ये ठिणगी पडली की मी लखकन चमकतो आणि गरगर फिरणारी पुली थबकल्यासारखी दिसते. तिच्या कडेची पांढरी खूण कोणत्या आकड्यासमोर आली ते पाहिलं, की ठिणगी वेळेवर पडते की नाही ते कळतं.

एका लहानशा कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथून मला दोघा भावांच्या गॅरेजात आणलं गेलं. थोरला इंजिनाचं काम करी, धाकटा पत्र्याचं आणि रंगाचं. थोरला मला मऊ कापडात गुंडाळून ठेवी. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. "दिवा म्हणाला ना? मग विषय संपला," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. वीस वर्षं मी या कौतुकावर जगलो.

मग कुणीतरी थोरल्याच्या कानात सांगितलं, की धाकटा पलीकडच्या रस्त्यावर एक शेड बघून आलाय. थोरल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हा वेगळा धंदा काढतोय की काय? त्याने भावाला काही विचारलं नाही. फक्त त्याच्यावर नजर ठेवू लागला. खरं सांगतो, मीही ठेवू लागलो. धाकटा नुसता पाना घ्यायला आला, तरी मला वाटे, हा इथे कशाला घुटमळतोय?

त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. वडिलांच्या वेळची, सहा सिलिंडरची, फिकट हिरवी. चढावर धापा टाकत होती, तापत होती. थोरल्याने मला लावलं. खूण ठरल्या आकड्याच्या अलीकडेच दिसत होती, म्हणजे ठिणगी लवकर पडत होती. त्याने प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलं. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. गाडी आणखीच मंद झाली होती आणि खूण पुन्हा अलीकडेच!

"तुमच्याकडे आणली की जास्तच बिघडते," बाई म्हणाल्या.

थोरल्याने टायमिंग पुन्हा लावलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी लाल रंगाची बारीक रेषा ओढली. कुणी तो हलवला तर रेषा तुटेल आणि चोर सापडेल. गाडी रात्रभर गॅरेजातच राहिली. सकाळी त्याने गाडी चढावावर फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं. रेषा जशीच्या तशी होती. खूण मात्र परत सरकलेली.

"रेषा पुसून नवी मारलीस ना?" तो धाकट्यावर खेकसला. "रंगाचा डबा तुझ्याकडेच असतो."

धाकट्याच्या हातातला पॉलिश कागद खाली पडला.

मग थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने माझी काच गार पडली. मला दुसऱ्या गाडीवर लावून तपासलं. मी तिथे बरोबर निघालो.

"दादा," धाकटा शेवटी म्हणाला, "गाडी सांगतेय ठिणगी उशिरा पडते. दिवा सांगतोय लवकर पडते. पण दिवा फक्त खूण दाखवतो. खूणच खोटी असेल तर?"

त्याने गॅरेजामागच्या घरातून वहिनीकडून, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडून, विणकामाची लाकडी सुई मागून आणली. पहिला प्लग काढून ती भोकात सोडली आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. सुई वर वर आली आणि थांबली. पिस्टन अगदी वरच्या टोकाला होता. खूण तेव्हा शून्यासमोर हवी होती. ती बोटभर अलीकडेच होती!

पुलीचा मधला भाग आणि बाहेरचं कडं यांना जोडणारं रबर कुजलं होतं. त्यामुळे ते कडं रोज थोडं सरकत होतं, खुणेसकट. आणि थोरला त्या खुणेवर भरवसा ठेवून ठिणगीला रोज आणखी उशीर करत होता.

नवी पुली आली, बसली. डॉक्टरीणबाई चढ चढून हसत परत आल्या. थोरल्याने मला धाकट्यापुढे धरलं. "आजपासून टायमिंग तू लाव."

"नको, दादा. शेड घेतली मी."

"कधी?"

"रेषा पुसली म्हणालास ना, त्याच संध्याकाळी."

वहिनीने नंतर सांगितलं, की रंगाच्या वाफेने तिला खोकला येई, म्हणून रंगकाम तेवढं हलवावं असं धाकट्याच्या मनात होतं. वेगळं व्हायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वायरी दुमडू नका आणि मला लावण्याआधी खूण जागेवर आहे ना ते हाताने बघा. आणि माणसाचा संशय आला तर लाल रेषा ओढत बसू नका. "शेड कशाला बघितलीस रे?" एवढंच तर विचारायचं होतं.