एमरिकला सत्तावीस वेळा मारणारी कुऱ्हाड

मित्रांनो, घाबरू नका. माझं पातं दाबून बघा, वाकतं की नाही? मी एक जुनी रबराची कुऱ्हाड आहे. झॉम्बीच्या सिनेमांत माणसांना जगवायचं काम मी केलंय. तेरा सिनेमे केले, शेकडो मुडदे आडवे पाडले, पण कुणाला साधं टेंगूळ आलं नाही. लोखंडाला जमेल का हे?

माझा जन्म पेन्सिल्व्हेनियातला, वांडा ह्रिन्कोच्या गॅरेजमधला. सिनेमातली हत्यारं सांभाळणं हे वांडाचं काम. तिचे वडील गावच्या अग्निशमन दलात होते. त्यांच्या खऱ्या कुऱ्हाडीचा साचा घेऊन तिनं मला ओतलं. पात्यावरचा टवका, दांड्यावरचा तेलकट डाग, सगळं हातानं रंगवलं. दार फोडायचं असलं की ती खरी, डोकं फोडायचं असलं की मी. शेजारी ठेवलं तर बघून वांडालाही ओळखता येत नसे. याचा तिला फार अभिमान. मलाही होता.

म्हणूनच आमची एक रीत होती. प्रत्येक शॉटआधी वांडा मला स्वतःच्या डोक्यावर आपटायची, मोठ्यानं "रबर" म्हणायची आणि मगच नटाच्या हातात द्यायची.

चौथ्या सिनेमातली गोष्ट. बंद पडलेली शाळा, दुपारची वेळ. नायिका कोरिनचा पहिलाच दिवस. तिनं खऱ्या कुऱ्हाडीनं दार फोडलं. आता आत शिरून पहिल्या झॉम्बीच्या डोक्यात घाव घालायचा होता. तो झॉम्बी म्हणजे एमरिक हुडाक, आयुष्यभर बस चालवलेला एकोणसत्तर वर्षांचा माणूस. डोळ्यांत पांढरी भिंगं, त्यामुळे धड दिसतही नव्हतं त्याला.

ढग येत होते. दिग्दर्शक ग्रेडी घाईला आलेला.

"थांबू नका, ऊन जातंय. कोरिन, तशीच आत ये."

वांडा बाहेर दाराच्या ढलप्या गोळा करत होती. मी पेटीत. मला ओरडायला तोंड नाही, मित्रांनो. आणि कुऱ्हाडी दोन आहेत हेच कोरिनला ठाऊक नव्हतं.

तिनं कुऱ्हाड उगारली. एमरिक हाताची घडी घालून उभा.

"मी मरत नाही," तो म्हणाला.

"आता काय झालं?" ग्रेडी वैतागला.

"वांडाचं 'रबर' ऐकू आलं नाही."

"अरे बाबा, तू मेलेलाच आहेस. मेलेल्याला कसली भीती?"

"मेलेल्याची बायको घरी वाट बघतेय. वांडाला बोलव."

सगळे हसले. "म्हातारा टरकला," कुणीतरी म्हणालं. तो हलला नाही.

वांडा कुरकुरत आली. कुऱ्हाड हातात घेतली आणि वजनानंच तिला कळलं. तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ग्रेडी, ही बाबांची आहे."

ग्रेडीनं टोपी काढली.

"आता जेवायला सोड," एमरिक म्हणाला. "बटाट्याच्या पियेरोगी करंज्या गार होतायत."

जेवणानंतर वांडानं मला आपल्या डोक्यावर तीनदा आपटलं. कोरिननंही माझं पातं वाकवून बघितलं. आणि एमरिक असा झकास मेला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी वांडानं माझ्या दांड्यावर जाड पिवळा पट्टा ओढला. तिच्या सुंदर कामाची पार वाट लागली. पडद्यावर तो पट्टा दिसतो, लोक नावं ठेवतात. ठेवू देत. मला सगळ्यात जास्त अभिमान त्याच पट्ट्याचा आहे.

आता माझं रबर तडकतंय. मला उन्हात टाकू नका, एवढीच विनंती. आणि तुमच्यातला कुणी मध्येच थांबून "आधी बघू द्या" म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. एमरिक त्यानंतर माझ्या हातून अजून सव्वीस वेळा मेला, आणि दर वेळी स्वतःच्या पायांनी घरी गेला.